खचलेल्या शेतकऱ्याशी बोलताना वहीत काय लिहावे

कापसाला भाव नाही, सोयाबीन पाण्यात गेले, सावकाराचा तगादा थांबत नाही, आणि अशा माणसाला आपण मन मोकळे करायला सांगतो. म्हणजे दुखणे शेतीचे आणि उपचार डोक्यावर, असा आक्षेप समुपदेशनावर घेतला जातो. तो मला बराचसा खरा वाटतो, कारण ऐकणारा पुष्कळदा ऐकूनच थांबतो. राज्य सरकारच्या शेतकरी समुपदेशनाच्या प्रेरणा प्रकल्पातून २०१५ पासून विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत आशाताई घरोघर विचारपूस करू लागल्या, पण त्यांच्या हातातली प्रश्नावली झोपेची आणि उदासीची आहे. कर्जाचा कागद वेगळाच राहतो.

पहिल्या भेटीत कर्जाचा विषय आपण काढू नये. जेवण, झोप आणि शेतातील कामाची चौकशी करावी, आणि माणूस बोलू लागला की मध्ये तोडू नये. जीव नकोसा झाल्याची शंका आली, तर सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर होकारार्थी आले, तर त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे घरातून हलवून दुसरीकडे कुलपात ठेवावीत आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर त्याच्यासमोरच फोन लावावा. अशा दिवशी कागदपत्रांचा विषय बाजूला ठेवावा.

पुढच्या भेटीला मात्र वही न्यावी. त्याने सांगितलेली प्रत्येक चिंता त्याच्याच शब्दांत लिहून तिच्यासमोर संबंधित कार्यालयाचे नाव लिहावे. सावकाराने कर्जापोटी शेताचे खरेदीखत करून घेतले असेल, तर २०१४ च्या सावकारी अधिनियमाखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. त्यास मुदतीचे बंधन असल्याने ‘पाहू पुढे’ म्हणू नये. पतीच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर नाव न चढलेली बाई रात्रभर जागी राहते, तेव्हा तिला श्वासाचे व्यायाम शिकवण्याआधी तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यायला तिच्यासोबत जावे. मक्त्याने शेती करणाऱ्याचे दुःख अधिक अवघड असते, कारण जमीन त्याच्या नावावर नसल्याने पीककर्ज आणि मदत दोन्ही त्याला सहसा मिळत नाही. त्याला ‘सकारात्मक राहा’ असे कधीही सांगू नये. हा दोष त्याच्या विचारांचा नाही, हे स्पष्ट बोलून दाखवावे.

एकच तक्रार पाच-सहा घरांत आढळली, तर ती ग्रामसभेत लेखी मांडावी आणि ठरावाची प्रत तहसीलदारांकडे पाठवावी. तेथे कोणाचेही नाव घेऊ नये, कारण विश्वासाने सांगितलेली गोष्ट चावडीवर पोचली की पुढच्या वेळी तो माणूस दारच उघडणार नाही.

अर्ज दिल्यानंतरही भेटी थांबवू नयेत. कर्जफेडीची तारीख आणि सोयाबीनच्या चुकाऱ्याचा दिवस वहीत लिहून ठेवावा, आणि त्या संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसावे.