लो-कार्ब फ्रूट पॅनकेक तव्यावर का मोडतात? या चुका टाळा

पॅनकेक उलटायला जावं, तर अर्धा कालथ्यावर यावा आणि अर्धा तव्यालाच चिकटून राहावा. त्यात सकाळची घाई, सगळे ताटावर बसलेले. बदामाच्या पिठाचे लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांचे, पॅनकेक पहिल्यांदा करताना माझं हेच झालं होतं. कारण साधं आहे: या पिठात ग्लूटेन नसतं. मैद्यात जो चिकटपणा आयता मिळतो, तो इथे अंड्यातून आणावा लागतो. एक कप बदामाच्या पिठाला दोन अंडी, तीन-चार चमचे दूध आणि एक छोटा चमचा बेकिंग पावडर, एवढं प्रमाण पुरतं. मिश्रण पाच मिनिटं तसंच ठेवा, म्हणजे पीठ ओल शोषून घेतं.

बदामाऐवजी नारळाचं पीठ तेवढंच घेऊ नका. ते कितीतरी जास्त पाणी ओढतं. एक कपाच्या जागी पाव कपापासून सुरुवात करा, आणि अंडं एखादं वाढवावं लागेल.

पण मोडण्याचं खरं कारण बहुतेक वेळा आच असते. बदामाचं पीठ पटकन लाल होतं. मोठ्या आचेवर खालची बाजू करपते आणि आत कच्चं राहतं. आच मंदच ठेवा, वर झाकण घाला, तीन-चार मिनिटं द्या. मैद्याच्या पॅनकेकसारखे वर भरपूर बुडबुडे फुटतील म्हणून वाट पाहू नका. कडेकडे बघा. कडेची ओली चकाकी गेली, कालथा खाली सारल्यावर पॅनकेक अख्खा सरकला, की उलटा. कड दुमडून गोळा होत असेल तर अजून मिनिटभर हात लावू नका. आणि आकार लहान ठेवा, तीन इंचांचा पुरे. मोठा पॅनकेक स्वतःचं वजन पेलत नाही.

आता फळं. साखर घातली नाही म्हणजे पॅनकेक लो-कार्ब झाला, असं अनेकांना वाटतं, आणि मग पिठात केळं कुस्करलं जातं. 100 ग्रॅम केळ्यात साधारण 23 ग्रॅम कार्ब असतात, तेवढ्याच स्ट्रॉबेरीत 8 च्या आसपास. वरून मोठा चमचाभर मध सोडला की आणखी 17 ग्रॅम. घरात कुणाला मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा हिशोब डॉक्टरांशी बोलूनच बसवा.

स्ट्रॉबेरी पिठात ढवळली तर तिचा रस सुटून मिश्रण पातळ होतं. फळं धुऊन कोरडी टिपा, बारीक चिरा आणि पीठ तव्यावर पसरल्यावर वरून पेरा. फ्रोझन बेरी वितळू न देता तशाच घाला. ब्लूबेरीभोवती हिरवट डाग दिसले तर घाबरू नका: बेकिंग पावडरमधला खायचा सोडा जास्त झाला की तिचा जांभळा रंग बदलतो. पुढच्या वेळी बेकिंग पावडर कमी करा.

मुलांना लो-कार्ब खायची गरज नसेल तर पीठ एकच भिजवा आणि केळ्याच्या चकत्या फक्त त्यांच्या ताटलीत ठेवा. उरलेले पॅनकेक फ्रिजमध्ये दोन दिवस चांगले राहतात. दुसऱ्या दिवशी तव्यावरच गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये ते ओलसर पडतात.