उन्हाळी नोकरीसाठी म्युनिकला जाताना: आधी कागद, मग खोली, तिकीट सगळ्यात शेवटी

जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांसाठी माहितीचा पूर आहे. पण शिक्षण भारतात चालू ठेवून फक्त सुट्टीपुरतं तिकडे काम करायला जाणाऱ्यांना धड कोणी काही सांगत नाही, आणि मग एजंटांचं फावतं. म्हणून हे सविस्तर. शहर म्युनिक घेतलंय, कारण तिथे हॉटेलं, बिअरगार्टन (उघड्यावरची बिअरची उपाहारगृहं), कारखाने भरपूर. खोल्या मात्र जर्मनीतल्या सगळ्यात महागांपैकी.

पायरी १: आधी कॉलेजचं वेळापत्रक काढा

परदेशी विद्यापीठात शिकणाऱ्याला जर्मनीत सुट्टीतली नोकरी बारा महिन्यांत जास्तीत जास्त ९० दिवस करता येते. अटी दोन. काम तुमच्या विद्यापीठाच्या अधिकृत सुट्टीतच हवं, आणि ते जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेच्या 'झेडएव्ही' या विभागामार्फत झालेलं हवं. पर्यटक म्हणून जाऊन काम करणं बेकायदा आहे, मग मालक काहीही म्हणो.

खरी अडचण तारखांची असते. आपली मोठी सुट्टी मे-जूनची. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियातल्या शाळांना सुट्टी लागते ती साधारण ऑगस्टच्या तोंडावर, आणि कारखान्यांना रजेवरच्या कामगारांच्या जागी माणसं लागतात ती तेव्हाच. त्यामुळे आपल्या मुलांनी नजर ठेवावी ती हॉटेलं, उपाहारगृहं आणि शहराबाहेरच्या शेतीवर. शतावरीच्या कोवळ्या कोंबांची काढणी परंपरेने २४ जूनला थांबते, स्ट्रॉबेरीची तोडणी मात्र त्यानंतरही चालते. सुट्टीच्या तारखा लिहिलेलं, सही-शिक्क्याचं इंग्रजी पत्र कॉलेजकडून घ्या. आपल्याकडे परीक्षा लांबणं नवीन नाही, तेव्हा शेवटचा पेपर आणि कामाचा पहिला दिवस यांत दोन आठवडे तरी मोकळे ठेवा.

अभ्यासक्रमाशी निगडित इंटर्नशिप हा वेगळा मार्ग आहे, त्याचे नियमही वेगळे. दोन्हींचे कागद एकत्र करू नका.

पायरी २: अर्ज, भाषा, व्हिसा

डिसेंबर-जानेवारीतच कामाला लागा. झेडएव्ही नोकरी मिळवून देण्याचे पैसे घेत नाही, म्हणून 'प्लेसमेंट फी' मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनातला जर्मन भाषेचा निदान ए२ (जुजबी संभाषणाच्या) पातळीपर्यंतचा कोर्स झालेला असेल तर काम बरंच सोपं जातं. स्वयंपाकघरात घाईच्या वेळी कोणी इंग्रजीत समजावत बसत नाही.

व्हिसासाठी करारपत्र, झेडएव्हीचा कागद, कॉलेजचं पत्र आणि आरोग्य विमा लागतो. विमा नीट वाचा. तीन महिने किंवा ७० कामाचे दिवस एवढ्या मर्यादेतली तात्पुरती नोकरी सहसा सामाजिक विम्याच्या वर्गणीतून सुटते. म्हणजे पगारातून कपात कमी, पण सरकारी आरोग्य विमाही नाही. आजारपणाचा खर्च तुमच्या खासगी पॉलिसीवर येतो, आणि पगारी काम करणाऱ्याला ती चालते का, हे पॉलिसीतच लिहिलेलं हवं. कामावर झालेल्या अपघाताचा विमा वेगळा असतो, तो मालक भरतो.

पायरी ३: करारावर सही करण्याआधी

१ जानेवारी २०२६ पासून जर्मनीतलं किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे आणि सुट्टीतल्या नोकरीलाही ते लागू होतं. आठवड्याला ४० तास धरले तर ५५६ युरो, कपातीआधी. राहण्या-जेवणाचे पैसे कापणार असतील तर आकडा करारात लिहून घ्या. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर निदान ३० मिनिटांची सुट्टी, आणि दोन पाळ्यांमध्ये ११ तासांची विश्रांती हा सर्वसाधारण नियम आहे. हॉटेलांना ती थोडी कमी करता येते, पण भरपाई द्यावी लागते. पूर्ण भरलेल्या प्रत्येक महिन्यामागे वार्षिक रजेचा बारावा हिस्साही मिळतो. मागायला संकोच करू नका, हा हक्क आहे. पासपोर्ट मात्र मालकाच्या ताब्यात कधीही द्यायचा नाही.

अन्नपदार्थ हाताळायचे असतील तर आरोग्य खात्याचं स्वच्छतेविषयीचं प्रमाणपत्र लागतं. पहिल्यांदा काम सुरू करताना ते तीन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही.

पायरी ४: खोली

मालक खोली देत असेल तर बहुधा तीच घ्यावी. नसेल तर सुट्टीत घरी गेलेल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या 'त्स्विशेनमीटे' म्हणून, म्हणजे तेवढ्यापुरत्या भाड्याने मिळतात. म्युनिकमध्ये सामायिक घरातली एक खोली ८०० युरोच्या आसपास जाते. जाहिरातीत 'काल्ट' लिहिलं असेल तर हीटिंग-पाणी वेगळं, 'वार्म' असेल तर धरून. अनामत तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही.

ठरलेली फसवणूक अशी असते: फोटो सुंदर, भाडं निम्मं, घरमालक परदेशात, आणि 'पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असा निरोप. व्हिडिओ कॉलवर खोली दाखवत नसेल तर विषय संपला.

मुक्काम तीन महिन्यांच्या आत असेल तर पत्त्याची नोंदणी सक्तीची नाही. तरी तुम्ही तिथे राहता असं घरमालकाचं पत्र हाताशी असू द्या, बँक खातं उघडताना पत्त्याचा प्रश्न येतो.

पायरी ५: पोचल्यावर आणि निघताना

व्हिसा हातात आल्यावरच तिकीट काढा. विमानतळावरून शहरात एस१ आणि एस८ या लोकल जातात, पाऊण तास धरा. दरमहा ६३ युरोचा 'डॉइचलांडटिकेट' हा पास देशभर लोकल, ट्राम, बस आणि साध्या गाड्यांना चालतो, आयसीई या वेगवान गाड्यांना नाही. पोचायचा दिवस शनिवार असेल तर दुकानं रात्री आठला बंद होतात आणि रविवारी जवळपास सगळीच बंद असतात; पोहे, मॅगी, मेतकूट बॅगेत वरच ठेवा. आणीबाणीला ११२, पोलिसांना ११०.

डॉइचलांडटिकेटचा पास आपोआप पुढे चालू राहतो. शेवटच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केला नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. खोली सोडताना घरमालकासोबत फिरून फोटो काढा आणि अनामत कधी परत मिळणार ते लेखी घ्या. पगाराच्या सगळ्या पावत्या जपून आणा. बँक खातं मात्र घाईने बंद करू नका: शेवटचा पगार आणि अनामत बहुधा तुम्ही परतल्यावरच जमा होतात.