इतिहासाच्या वार्षिक परीक्षेची तयारी: आधी कोरा नकाशा, मग बाकीचे

दहावीच्या वर्षी इतिहासाच्या पेपरात सगळी उत्तरे लिहून झाल्यावर, उरलेल्या दहा मिनिटांत मी नकाशा पुढे ओढला आणि चंपारण गुजरातेत व खेडा बिहारात दाखवले. दोन्ही सत्याग्रहांची कारणे मला पाठ होती. चंपारणात १९१७ मध्ये शेतकऱ्यांवर निळीची सक्ती होती आणि खेडा जिल्ह्यात १९१८ मध्ये पीक बुडालेले असतानाही सारा मागितला जात होता, हे त्याच पेपरात मी पानभर लिहिले होते. मात्र वर्षभरात कोऱ्या नकाशावर एकदाही पेन्सिल टेकवलेली नव्हती. आता शेजारची मुले याच परीक्षेसाठी माझ्याकडे अभ्यासाला येतात, म्हणून तयारीची ही यादी लिहून ठेवत आहे.

सर्वांत आधी कोरे नकाशे आणा. स्टेशनरीच्या दुकानात ते सुटे मिळतात. भारताचे पंधरा आणि युरोपचे पाच पुरतील. हे काम परीक्षेच्या आठवड्यावर ढकलू नका. पुस्तकातला भरलेला नकाशा पाहून "हे मला येते" असे वाटते, पण ती केवळ डोळ्यांची ओळख असते, आणि परीक्षेत ठिकाण हाताला दाखवावे लागते. पुस्तक मिटा, प्रथम गंगा आणि नर्मदा फिकट रेघेने काढा आणि मग ठिकाणे भरा. चंपारण बिहारच्या वायव्य टोकाला, नेपाळच्या सीमेलगत आहे. चौरीचौरा त्याच्या पश्चिमेला, उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ आहे. खेडा अहमदाबादला लागून आहे, तर दांडी सुरतेच्या खाली, नवसारीजवळ समुद्रकाठी आहे. १९२९ चे काँग्रेस अधिवेशन लाहोरला भरले होते आणि लाहोर आजच्या भारताच्या नकाशात नाही, एवढे लक्षात ठेवले तर ते शोधत बसण्याचा वेळ वाचेल. दर दोन दिवसांनी एक नकाशा भरा, पुस्तकाशी ताडून पाहा आणि चुकलेली ठिकाणे दुसऱ्या दिवशी नव्या नकाशावर पुन्हा भरा. जुनाच नकाशा खोडून वापरू नका, कारण खोडलेल्या ठिपक्याची खूण कागदावर राहते आणि तीच तुम्हाला उत्तर सांगते.

दुसरी गोष्ट पहिल्या सत्राच्या धड्यांची. वार्षिक पेपरात वर्षभराचा अभ्यासक्रम येतो, आणि चतुर्थीच्या सुट्टीआधी शिकवलेले धडे मार्चपर्यंत पुसट झालेले असतात. त्यांची एकदा परीक्षा झालेली असल्यामुळे ते येतात असे मुले धरून चालतात. वाचनाला त्याच धड्यांपासून सुरुवात करा. युरोपातील राष्ट्रवादाचा धडा वाचताना १८१५ ची व्हिएन्ना परिषद, १८४८ चे उठाव आणि १८७१ मध्ये व्हर्सायला झालेली जर्मन साम्राज्याची घोषणा या तीन वर्षांभोवती बाकीचे प्रसंग बसवा, म्हणजे पाठांतराचे ओझे बरेच हलके होईल. आणि येथेही नकाशा घ्या. सार्डिनिया-पीडमाँट हे नाव ऐकून मुले फक्त बेटावर खूण करतात. पण तुरीन ही त्या राज्याची राजधानी मुख्य भूमीवर, इटलीच्या वायव्येस होती आणि एकीकरणाचे राजकारण तेथूनच चालले होते. हे नकाशावर पाहिल्याशिवाय धड्यातला निम्मा मजकूर कळत नाही.

तिसरी गोष्ट मोठ्या उत्तरांची. गाइडातली उत्तरे पाठ करू नका. प्रश्नाचा शब्द जरा बदलला की ती कोलमडतात. आपल्याकडे गोव्यात बहुतेकांचे पुस्तक इंग्रजीत आणि घरातले बोलणे मराठीत किंवा कोकणीत असते. त्यामुळे असहकार आंदोलन १९२२ मध्ये का मागे घेतले गेले, हे आधी घरात कोणाला तरी आपल्या भाषेत समजावून सांगा. जेथे अडखळाल तेथे तुम्हाला कळलेले नाही, असे निश्चित समजा. मग तेच उत्तर परीक्षेच्या भाषेत घड्याळ लावून लिहा. सनावळीसाठी एक लांब कागद भिंतीवर लावला की पुरे.

गोव्याच्या इतिहासाचा भाग तुमच्या अभ्यासक्रमात असेल, तर गोव्याचाही कोरा नकाशा घ्या. तिसवाडी १५१० मध्ये आणि बार्देश व सासष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती आले. जुन्या आणि नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी आणि नंतर जिंकलेले हे मुलूख, दोन रंगांनी रंगवल्या, की सोळाव्या शतकात पोर्तुगीज मुलखात देवळे पाडली जात असताना कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा जुवारी ओलांडून फोंड्याकडे का नेली गेली, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. एवढ्या जवळची गोष्ट मला नकाशा रंगवेपर्यंत कळली नव्हती, याची आजही खंत वाटते. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहियांनी जेथे सविनय कायदेभंग सुरू केला ते मडगाव आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याबरोबरच मुक्त झालेले दमण व दीव हेही दाखवता आले पाहिजे. दीव सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला आहे आणि दमण गुजरातच्या दक्षिण किनाऱ्यावर. त्यांची अदलाबदल करू नका.

शेवटच्या आठवड्यात नवा धडा उघडू नका. शिगम्याचे ढोल वाजत असतील तर पहाटे उठून वाचा. जुन्या दोन प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ लावून सोडवा आणि त्यांतला नकाशाही सोडवा. तो "येतोच" म्हणून वगळू नका.

आदल्या रात्री सनावळी, एक नकाशा आणि झोप. सकाळी पेन, टोक केलेली पेन्सिल, ओळखपत्र.

पेपर हाती आल्यावर नकाशा पहिल्या अर्ध्या तासातच भरा, त्यावर आसन क्रमांक लिहा आणि पुरवणीबरोबर तो दोऱ्याने बांधला गेला आहे ना, हे उठण्यापूर्वी पाहा.