कूलंटची न दिसणारी गळती
माझ्या जुन्या पेट्रोल गाडीतील कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सतत कमी होत होते, पण खाली थेंबही दिसत नव्हता. कारण बारीक गळतीचे पाणी गरम इंजिनावरच वाळते व मागे केवळ हिरवट-पांढरा थर उरतो. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरला प्रेशर टेस्टर (दाब देऊन गळती शोधायचे उपकरण) जोडून, झाकणावर छापलेल्या ०.९ बारइतकाच दाब दिला, तेव्हा कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या बारीक छिद्रातून पाझर दिसला. हे छिद्र आतील सील निकामी झाल्याचे कळावे म्हणूनच ठेवलेले असते, त्यामुळे ते लांबीने (पुटीने) बुजवणे (तसा सल्लाही मिळाला!) निरर्थक आहे. पंप व गॅस्केट (सांध्यातून गळू नये म्हणून बसवलेली पट्टी) बदलून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवून आतील हवा काढली.