महिला बराकीत समुपदेशनाला जाताय? या चुका टाळा

जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या कारागृहांत, घरी मार खाऊन आलेल्या बायांसाठी काम करायला नवी मंडळी मनापासून येतात. चुका मात्र त्याच त्याच करतात आणि भोगावं लागतं आतल्या बायांना.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पहिल्याच दिवशी ‘मन मोकळं करा’ म्हणणं. एका संस्थेच्या ताईंनी सगळ्यांना गोल करून बसवलं आणि एकेकीला विचारलं, ‘तुमच्यासोबत काय झालं?’ एक जण बोलायला लागली. नवरा खाटेला बांधून मारायचा, इथून सुरू झालं ते थांबेचना. तेवढ्यात बंदीची वेळ झाली. ताई पाठीवरून हात फिरवून घरी गेल्या, ही कुलपाआड. रात्रभर भिंतीला टेकून थरथरत होती, शेजारणीने आपली चादर तिच्या अंगावर टाकली. पुढच्या खेपेला कुणी बसायलाच आलं नाही. आघात ताजा असताना एका बैठकीत सगळं वदवून घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. इथे तर संध्याकाळनंतर सावरायला कुणीच नसतं.

मी सुरुवातीला मारहाणीचा विषय काढतच नाही. अहिराणीत ‘कशी शेस माय?’ (कशी आहेस?) एवढंच. मग झोप लागते का, छातीत कधी धडधडतं, झडतीच्या वेळी अंग आखडतं का, हे विचारते. घाबरल्यावर भानावर यायला तळपाय फरशीवर टेकवून समोरच्या पाच वस्तू मोजायला शिकवते. हे अंगवळणी पडलं की पुढचं तिचं ती ठरवते. ज्यांना दोन भेटींत ‘रिझल्ट’ हवा आहे, त्यांनी हे काम घेऊच नये.

डोळे मिटायला लावू नका. न विचारता अंगाला हात लावू नका.

दुसरी चूक दुभाष्याची. धडगावकडच्या पावरी बोलणाऱ्या बाईला मराठी कळत नाही, म्हणून शेजारच्या कैदी बाईलाच मध्ये बसवतात. संध्याकाळपर्यंत तिची गोष्ट अख्ख्या बराकीत झालेली असते, आणि तिथून तिला उठून जाताही येत नाही. बाहेरून बोली जाणणारी बाई आणा. नाही मिळाली तर त्या दिवशी नुसती गोधडी शिवत सोबत बसा, पण हा शॉर्टकट नको.

गुन्ह्याचे तपशील विचारू नका, वहीत तर लिहूच नका. बहुतेक जणी कच्च्या कैदी असतात, खटला उभा असतो. ‘कुणालाच सांगणार नाही’ असंही म्हणू नका. जीव द्यायचं बोलली तर कारागृहाच्या डॉक्टरांना सांगावंच लागतं, हे तिला आधीच सांगा.

आणि तारीख कधी, वकील कोण, हे माहीत नसलेल्या बाईला श्वास मोजायला लावणं मला पटत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार तिला मोफत वकील मिळतो. तो अर्ज आधी भरा. सहा वर्षांपर्यंतचं लेकरू आईजवळ राहू शकतं, मोठं गावी कुणाकडे आहे याची चौकशी करा.

बैठक अर्धवट सोडून ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणू नका. जामीन झाला की ती त्याच संध्याकाळीही सुटू शकते, कधीकधी त्याच मारणाऱ्या घरी जाते. म्हणून महिला हेल्पलाइन 181 आणि मानसिक आधाराची टेलि-मानस 14416 हे नंबर पहिल्याच आठवड्यात पाठ करून घ्या. चिठ्ठीवर देऊ नका, चिठ्ठी घरच्यांच्या हाती लागते.