बॉयलर ट्यूबचं मटेरियल निवडताना आधी तापमान बघा, ग्रेड नंतर

बॉयलरची ट्यूब घ्यायची म्हटलं की लोक पहिलं विचारतात प्रेशर किती, आणि लगेच दुसरं, सगळ्यात भारी ग्रेड कुठला. माझ्या मते सुरुवात इथून करूच नका. आधी हे ठरवा की ट्यूब बॉयलरमध्ये नक्की कुठे बसणार, तिच्या आतून पाणी जाणार का वाफ, आणि बॉयलर लोडवर असताना त्या धातूचं स्वतःचं तापमान किती होणार, कारण मटेरियल ठरतं ते यावरच, प्रेशरवरून बहुतेक जाडीच ठरते.

वॉटरवॉलचंच, म्हणजे भट्टीच्या भिंतीतल्या पाण्याच्या ट्यूबचंच बघा. १०० बारला पाणी साधारण ३११ अंश सेल्सिअसला उकळतं आणि उकळणारं पाणी उष्णता पटापट ओढून घेतं, त्यामुळे बाहेर ज्वाला कितीही भयंकर असली तरी आतून स्वच्छ असलेली ट्यूब पाण्यापेक्षा थोडीच जास्त तापते. म्हणून तिथे कार्बन स्टील आरामात चालतं, म्हणजे अमेरिकन एएसएमई कोडच्या यादीतलं एसए-१९२ किंवा एसए-२१० ग्रेड ए१, आणि जाडी कमी ठेवायची असेल तर ग्रेड सी. ए१ ची किमान टेन्साइल (ओढून तुटेपर्यंतची ताकद) ४१५ एमपीए, सी ची ४८५, पण सी मध्ये कार्बन जास्त असतो म्हणून वेल्डिंगला थोडं जपून.

सुपरहीटरमध्ये, म्हणजे तयार वाफ आणखी तापवणाऱ्या भागात, गणित बदलतं. वाफ पाण्यासारखी उष्णता ओढत नाही, त्यामुळे ट्यूबचा धातू वाफेपेक्षा ३०-५० अंशांनी जास्त गरम धरतात, म्हणजे वाफ ४८० ला बाहेर पडत असेल तर धातू ५२० च्या आसपास गेला समजा. कार्बन स्टील ४२५ च्या वर फार काळ राहिलं की आतलं कार्बाइड फुटून ग्रॅफाइट व्हायला लागतं आणि स्टील कमजोर होत जातं, बाहेरून काही कळतही नाही. नुसतं मॉलिब्डेनम असलेलं टी१ साधारण ४७० पर्यंत, आणि त्यापुढे क्रोमियम लागतंच, आधी टी११ किंवा टी१२, मग टी२२ ज्यात सव्वादोन टक्के क्रोमियम आणि एक टक्का मॉलिब्डेनम असतं, आणि ५८० च्या वर जायचं असेल तर टी९१. हे सगळे टी वाले एसए-२१३ मध्ये येतात, फक्त टी१ एसए-२०९ मध्ये.

टी९१ बद्दल जरा थांबून बोलतो, कारण लोक 'मजबूत आहे, लावून टाका' म्हणतात. त्याची ताकद हीट ट्रीटमेंटवर उभी आहे, म्हणजे १०४० च्या वर नॉर्मलायझिंग आणि ७३० च्या वर टेम्परिंग. वेल्ड करताना प्रीहीट, नंतरचं पीडब्ल्यूएचटी (वेल्डला ठरलेल्या तापमानावर पुन्हा तापवणं), यातलं काही बिघडलं तर महागडी ट्यूब टी२२ पेक्षाही वाईट वागू शकते. साइटवर हे सांभाळणारा वेल्डर आणि हार्डनेस तपासायची सोय नसेल आणि टी२२ मध्ये भागत असेल तर टी२२ च घ्या.

अजून एक आग्रह नेहमी ऐकू येतो, गंज लागतो म्हणून वॉटरवॉललाच स्टेनलेस लावा. नको! ३०४ सारख्या ऑस्टेनिटिक स्टेनलेसला पाण्यातल्या क्लोराइडने स्ट्रेस कोरोजनच्या चिरा पडतात, म्हणूनच एएसएमईचा सेक्शन १, म्हणजे पॉवर बॉयलरचा कोड, पाणी लागणाऱ्या भागात ते सहसा वापरू देत नाही. शिवाय ते कार्बन स्टीलपेक्षा बरंच कमी उष्णता वाहून नेतं आणि जास्त प्रसरण पावतं. ३०४एच, ३४७एच यांची जागा सुपरहीटर-रीहीटरच्या (रीहीटर म्हणजे टर्बाइनमधून आलेली वाफ परत तापवणारा भाग) सगळ्यात गरम टोकाला. आतला गंज हा फीडवॉटर ट्रीटमेंटचा प्रश्न आहे, तो मटेरियल बदलून सुटत नाही.

जाडीसाठी सेक्शन १ चं सूत्र सोपं आहे, प्रेशर गुणिले ओडी (बाहेरचा व्यास), भागिले (दुप्पट अलाउएबल स्ट्रेस, म्हणजे कोडने मान्य केलेला ताण, अधिक प्रेशर), आणि वर ओडीचा ०.००५ पट. ओडी ५०.८ मिमी, प्रेशर ७ एमपीए आणि स्ट्रेस समजा १०० एमपीए, तर १.७२ अधिक ०.२५ म्हणजे साधारण १.९७ मिमी. ट्यूब एक्सपांड करून, म्हणजे भोकात फुगवून घट्ट बसवणार असाल तर त्याची वेगळी भर असते, आणि झीज-गंजाची भर आपण घालायची. स्ट्रेस मात्र धातूच्या त्या तापमानाचा घ्या, आणि उष्णता घेणाऱ्या ट्यूबला ३७० अंशांच्या खालचा स्ट्रेस धरायचाच नाही. ऑर्डरमध्ये 'मिनिमम वॉल' का 'अॅव्हरेज वॉल' हे लिहायला विसरू नका, कारण अॅव्हरेजमध्ये जाडी १० टक्के कमी आली तरी सप्लायर नियमातच असतो, ३.२ मागवलं आणि २.८८ हातात.

स्टँडर्डमध्ये घोळ होतो तो नावांचा. टी२२ ही ट्यूब, पी२२ हा पाईप, आणि दोन इंची ट्यूब म्हणजे ५०.८ मिमी ओडी पण दोन इंची पाईप म्हणजे ६०.३, ट्यूबशीटच्या (ट्यूबची टोकं बसतात त्या प्लेटच्या) भोकात कुठलं बसणार ते तुम्हीच बघा. युरोपियन बाजूला इएन १०२१६-२ मध्ये पी२३५जीएच, पी२६५जीएच, १६एमओ३ वगैरे येतात, तिथे 'जीएच' बघायचंच, कारण पी२३५टीआर२ हे नाव जवळचं वाटतं पण ते साध्या तापमानाचं स्टील आहे. पी२६५जीएच आणि ए१ जवळपास सारखे असले तरी एक नाहीत, तेव्हा बॉयलर ज्या कोडने डिझाइन झालाय त्याच कोडचं मटेरियल घ्या, बदलायचं तर इन्स्पेक्टरची लेखी मान्यता घेऊन. वेल्डेड म्हणजे इआरडब्ल्यू (पट्टी वळवून विजेने जोडलेली) ट्यूब, एसए-१७८, कमी प्रेशरच्या फायरट्यूब बॉयलरच्या स्मोक ट्यूबला (जिच्या आतून गरम वायू जातो) चांगली चालते, पण एएसएमईत तिचा अलाउएबल स्ट्रेस १५ टक्क्यांनी कमी धरतात. सुपरहीटरला मी सीमलेसच (बिनजोडाची) सुचवेन.

माल आला की इएन १०२०४ चं ३.१ सर्टिफिकेट (उत्पादकाने दिलेलं मटेरियल तपासणीचं) घ्या, त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या वितळलेल्या घाण्याचा नंबर) प्रत्येक बंडलवरच्या नंबरशी जुळवा आणि अलॉय ट्यूबची पीएमआय (यंत्राने धातूतले घटक तपासणं) करा, एकेक ट्यूबची, सॅम्पल म्हणून दोन-चार नाही. हे मी तळमळीने सांगतोय कारण एका शटडाउनमध्ये आमच्याकडे टी११ च्या कॉइलमध्ये कार्बन स्टीलचा एक तुकडा वेल्ड झाला, दोन्ही दिसायला हुबेहूब, हायड्रोटेस्टही (पाण्याच्या दाबाची चाचणी) पास. काही महिन्यांनी तोच तुकडा फुगून उभा फाटला, बाकीची कॉइल ठणठणीत. तेव्हापासून स्टोअरमध्ये अलॉय ट्यूबना रंगाचा पट्टा मारतो, आणि ट्यूब कापताना पट्ट्याचं टोक शेवटपर्यंत राखून ठेवतो म्हणजे उरलेला तुकडा बिननावाचा होत नाही.