"४३" आलं म्हणजे नक्की काय आलं? इन्फर्मेशन थिअरी नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होतो तेव्हा इन्फर्मेशन थिअरीत, म्हणजे मेसेजमधली माहिती मोजायच्या शास्त्रात, मी कितीतरी दिवस एकच चूक करत होतो, बिट (० किंवा १ ची एक खूण) जास्त म्हणजे अर्थ जास्त असं धरूनच चाललेलो. आता ज्युनिअर पोरं शंका घेऊन येतात त्यांचंही तिथंच अडतं, म्हणून लिहितोय.

मला हे खरं कळलं २०१९ च्या पुरात. मामा नदीकाठच्या चिखलीत, आणि आम्ही इकडं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर बघत बसलेलो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आपल्याकडं लहान पोरालाही पाठ असतं.

आता "४३" एवढाच मेसेज घ्या. इंग्रजी आकड्यांत टाइप केला तर दोन बाइट म्हणजे १६ बिट, मराठी आकड्यांत केला तर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं ०-१ मध्ये साठवायची नेहमीची पद्धत) सहा बाइट, ४८ बिट. बिट तिप्पट झाले, पंचगंगा इंचभरही वाढली नाही. ही नुसती चिन्हं. तेच आकडे उलटे लिहा, ३४, म्हणजे इशाऱ्याच्याही पाच फूट खाली, इथं क्रम आला. मग फूट का मीटर, कुठल्या बंधाऱ्याचं, हे कळलं की अर्थ. आणि ते वाचून मामानं म्हसरं सोडून वर नेली तर मेसेजचं काम झालं, तो पाठवला होता त्याचसाठी.

त्या रात्री मी मामाला एक मेसेज फॉरवर्ड केला, अक्षर न् अक्षर बरोबर, अर्थही स्पष्ट, पण तो आदल्या संध्याकाळचा होता आणि त्यात वेळच लिहिलेली नव्हती. मामाचा फोन आला, "आरं, पाणी गोठ्याच्या पायरीला लागलंय आणि तू अजून ४१ काय सांगायलास?" तो आवाज अजून कानात आहे.

इन्फर्मेशन थिअरीचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननचा १९४८ चा पेपर काढून त्याचा दुसरा परिच्छेद वाचाच. मेसेजला अर्थ असतो पण इंजिनिअरिंगच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, असं तो तिथंच सांगून मोकळा होतो. पुढं १९४९ मध्ये वॉरन वीव्हर या गणितज्ञानं तीन प्रश्न वेगळे मांडले: चिन्हं नीट पोचली का, अर्थ पोचला का, आणि ऐकणाऱ्याच्या वागण्यात हवा तो फरक पडला का. एन्ट्रॉपीची, म्हणजे उत्तर किती अनिश्चित आहे ते मोजायची, गणितं पहिल्या प्रश्नाची आहेत. मे महिन्यात "पाणी ४३ च्या वर गेलं का" विचारलं तर उत्तर आधीच माहीत, म्हणून माहिती जवळजवळ शून्य. भर पावसात दोन्ही शक्यता सारख्याच असतील तेव्हा त्याच उत्तरात पूर्ण एक बिट माहिती, मग ते टाइप करायला बिट कितीही लागोत. फक्त एक, आणि त्याच्यावर अख्खं गाव हलतं.

सूत्रं पाठ करायच्या आधी स्वतःच्या फोनमधला एक मेसेज घ्या आणि हे तीन प्रश्न कागदावर लिहून सोडवा, तासाभराचं काम आहे. मी आज सेन्सरच्या डेटावर काम करतो, आणि आकड्याशेजारी वेळ, एकक आणि ठिकाण नसेल तर ती ओळ मी पुढं जाऊच देत नाही.